लिनक्स लॅपटॉपची बॅटरी आणि वायफाय: कोण झोपतं, कोण जागं राहतं

लॅपटॉपमध्ये वीज वाचवायचा मार्ग मुळात एकच आहे: ज्या भागाला आत्ता काम नाही, त्याला झोपू द्यायचं. प्रोसेसरचे कोअर, ग्राफिक्स चिप, वायफाय कार्ड, एसएसडी, यूएसबी उपकरणं, साउंड चिप या प्रत्येकाची झोप स्वतंत्र असते. ती कधी घ्यायची हे लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि त्या भागाचा ड्रायव्हर (तो भाग चालवणारा प्रोग्रॅम) मिळून ठरवतात. त्यामुळे तक्रारीही दोनच जातीच्या असतात. एखादा भाग झोपतच नाही, म्हणून बॅटरी भराभर उतरते. किंवा झोपलेला भाग वेळेवर उठत नाही, म्हणून वायफाय अडखळतं, माउस क्षणभर थिजतो, झाकण उघडल्यावर नेटवर्क गायब असतं. पॉवर आणि नेटवर्कच्या सेटिंग्ज एकाच बैठकीत समजून घ्याव्यात त्या यासाठीच.

कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत टाइप करायची. अर्धं नाव टाइप करून टॅब दाबलं की बाकीचं शेल (टर्मिनलमध्ये कमांड वाचणारा प्रोग्रॅम) स्वतः पूर्ण करतं, त्यामुळे स्पेलिंग चुकायची भीती फारशी राहत नाही.

आधी वॅट मोजा

‘बॅटरी टिकत नाही’ या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: बॅटरीत वीज किती मावते आणि लॅपटॉप ती किती वेगाने खातो. दोन्ही आकडे ‘यूपॉवर -डी’ या कमांडने एकत्र दिसतात. त्यात ‘एनर्जी-फुल-डिझाइन’ म्हणजे नवी असताना बॅटरीची क्षमता आणि ‘एनर्जी-फुल’ म्हणजे आजची क्षमता. डिझाइन ५७ वॅट-तास आणि आज ४५ असेल, तर क्षमता ७९ टक्क्यांवर आली आहे. ही घट कुठल्याही सेटिंगने भरून येत नाही. ती सोडून देऊन खर्चाकडे वळायचं.

खर्च ‘एनर्जी-रेट’ या ओळीत वॅटमध्ये दिसतो. चार्जर काढा, स्क्रीनचा उजेड मध्यम ठेवा, ब्राउझर बंद करा आणि पाच मिनिटं काहीही न करता थांबून मग आकडा पाहा. एकाच वाचनावर विश्वास ठेवू नका, कारण बॅटरीतली मोजणारी चिप आकडा सावकाश बदलते. हलका, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप अशा अवस्थेत साधारण ३ ते ६ वॅटवर यायला हवा. तो १० वॅटवर अडकला असेल तर काहीतरी जागं आहे. ५० वॅट-तासांची बॅटरी ५ वॅटने १० तास चालते आणि १० वॅटने ५ तास, एवढा साधा हिशेब आहे.

काही लॅपटॉपवर थेट वॅट मिळत नाहीत. ‘/सिस/क्लास/पॉवर_सप्लाय’ या फोल्डरात बॅटरीच्या नावाखाली ‘करंट_नाऊ’ आणि ‘व्होल्टेज_नाऊ’ या फाइली असतात. त्यातले आकडे मायक्रो-अँपिअर आणि मायक्रो-व्होल्टमध्ये असतात. १२००००० आणि ११५००००० असे दिसले तर १.२ गुणिले ११.५, म्हणजे १३.८ वॅट.

नेमकं कोण जागं आहे हे शोधायला ‘पॉवरटॉप’ हे इंटेलने २००७ मध्ये आणलेलं साधन आजही सगळ्यांत उपयोगी आहे. ते ‘सुडो’ लावून (म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने), चार्जर काढून चालवायचं. पहिल्या टॅबमध्ये प्रोसेसरला दर सेकंदाला कोण किती वेळा उठवतं ते दिसतं. ‘आयडल स्टॅट्स’ टॅबमध्ये प्रोसेसर किती गाढ झोपतो ते दिसतं: सी-स्टेटचा, म्हणजे झोपेच्या पातळीचा, आकडा जितका मोठा, झोप तितकी गाढ. इंटेलच्या चिपवर कोअर गाढ झोपलेले दिसतात, पण सबंध पॅकेज, म्हणजे अख्खी चिप, मात्र पीसी२ किंवा पीसी३ या उथळ पातळीवरच अडकलेली असते, हे चित्र नेहमीचं आहे. त्याचा अर्थ दोष प्रोसेसरचा नसून पीसीआय किंवा सॅटाच्या रस्त्यावरचं एखादं उपकरण त्याला खाली जाऊ देत नाही. हा एक टॅब नीट वाचता आला तर पुढची निम्मी अंदाजपंची वाचते.

प्रोसेसर: ‘पॉवरसेव्ह’ म्हणजे मंद नव्हे

प्रोसेसरचा वेग ठरवणाऱ्या धोरणाला गव्हर्नर म्हणतात. इंटेलच्या नव्या चिपवर ‘इंटेल_पीस्टेट’ हा ड्रायव्हर असतो आणि त्यात ‘परफॉर्मन्स’ व ‘पॉवरसेव्ह’ असे दोनच गव्हर्नर दिसतात. ‘पॉवरसेव्ह’ वाचून लोक घाबरतात आणि ‘परफॉर्मन्स’ निवडून बॅटरी घालवतात. या ड्रायव्हरमध्ये ‘पॉवरसेव्ह’ वेग सर्वांत खाली बांधून ठेवत नाही. काम आलं की वेग वाढतो, संपलं की उतरतो. जुन्या ड्रायव्हरमध्ये मात्र त्याच नावाचा गव्हर्नर खरोखरच किमान वेगावर अडकवून ठेवतो. म्हणून आधी ड्रायव्हर कोणता ते पाहायचं: ‘सीपीयूपॉवर फ्रिक्वेन्सी-इन्फो’ची ‘ड्रायव्हर’ ही ओळ ते सांगते. एएमडीच्या बाजूला ‘एएमडी-पीस्टेट’ ड्रायव्हर कर्नल ५.१७ पासून आहे आणि त्याची ‘ॲक्टिव्ह’ पद्धत ६.३ पासून.

खरी कळ गव्हर्नरच्या शेजारच्या ‘एनर्जी_परफॉर्मन्स_प्रेफरन्स’ या फाइलीत आहे. ‘परफॉर्मन्स’, ‘बॅलन्स_परफॉर्मन्स’, ‘बॅलन्स_पॉवर’ आणि ‘पॉवर’ या तिच्या मुख्य किमती. वेग किती तत्परतेने वाढवायचा याचा तो चिपला दिलेला इशारा असतो. बॅटरीवर ‘बॅलन्स_पॉवर’ ठेवलं तर बहुतेक कामांत फरक जाणवत नाही आणि पंखा शांत राहतो.

कमाल वेग फारच खाली बांधून फायदा होईलच असं नाही. काम लांबलं की स्क्रीन, मेमरी आणि बाकी सगळं तेवढा वेळ जागं राहतं. पण टर्बो, म्हणजे नेहमीच्या मर्यादेच्या वरच्या, वेगाला व्होल्टेज जास्त लागतं, म्हणून तेच काम महाग पडतं. बॅटरीवर फक्त टर्बो बंद करणं हा चांगला मध्य आहे: इंटेल_पीस्टेटच्या फोल्डरातल्या ‘नो_टर्बो’ फाइलीत १ लिहायचा.

एका कामाला एकच कारभारी

हे सगळं हाताने करायची गरज नसते. ते सांभाळणाऱ्या तीन मुख्य व्यवस्था आहेत. ‘पॉवर-प्रोफाइल्स-डीमन’ ही ग्नोम आणि केडीई या डेस्कटॉपांच्या पॅनलमधली ‘पॉवर सेव्हर, बॅलन्स्ड, परफॉर्मन्स’ अशी निवड देते. टर्मिनलवर तेच काम ‘पॉवरप्रोफाइल्ससीटीएल’ करते. फेडोरा या डिस्ट्रोने (लिनक्सच्या तयार संचाने) ४१ व्या आवृत्तीपासून तिच्या जागी ‘ट्यून्डी’ घेतलं, पॅनल मात्र तेच राहिलं. तिसरं ‘टीएलपी’: ते चार्जर लावला-काढला की प्रोसेसर, यूएसबी, सॅटा, साउंड, वायफाय अशा सगळ्यांच्या सेटिंग्ज बदलतं आणि त्याची मुख्य फाइल आहे ‘/ईटीसी/टीएलपी.कॉन्फ’.

यातलं कोणतंही निवडा, पण एकच. दोन एकत्र चालवली की एकाने लिहिलेली किंमत दुसरं पुसतं, आणि शेवटी कोण लिहितं हे चार्जर कधी लावला यावर ठरतं. ‘कालपर्यंत ठीक होतं, आज पंखा फिरतोय’ अशा तक्रारींमागे हा झगडा वारंवार सापडतो. टीएलपी ठेवायचं ठरवलं तर ‘सिस्टिमसीटीएल मास्क पॉवर-प्रोफाइल्स-डीमन’ करून दुसऱ्याला कुलूप लावा. नुसतं ‘डिसेबल’ पुरत नाही, कारण डेस्कटॉप त्या सेवेला गरजेनुसार पुन्हा जागं करू शकतो. मग ‘टीएलपी-स्टॅट -एस’ चालवा. संघर्ष उरला असेल तर ते स्वतःच इशारा देतं.

बटण दाबून प्रोफाइल बदलायचं एवढीच गरज असेल, तर डिस्ट्रोसोबत आलेली व्यवस्थाच पुरते. उपकरणनिहाय नियम हवे असतील तेव्हाच टीएलपी बसवा.

छोट्या उपकरणांची झोप

पॉवरटॉपच्या ‘ट्यूनेबल्स’ टॅबमध्ये ‘बॅड’ आणि ‘गुड’ अशी यादी असते. ‘--ऑटो-ट्यून’ देऊन सगळंच ‘गुड’ करायचा मोह होतो. करू नका. त्या यादीत यूएसबी ऑटोसस्पेंडही (रिकामं उपकरण आपोआप झोपवणं) येतं आणि माउस-कीबोर्डला तेच लागू झालं की हात थोडा वेळ थांबल्यावर माउस झोपतो आणि पहिली हालचाल वाया जाते. शिवाय हे बदल रीबूटनंतर टिकत नाहीत, त्यामुळे आज दिसलेला त्रास उद्या गायब होतो आणि कारण सापडत नाही. एकेक ओळ बदलायची, वॅट पाहायचे, दिवसभर वापरायचं. टीएलपी माउस-कीबोर्डला मुळातच वगळतं. इतर एखादं उपकरण बिघडत असेल तर ‘एलएसयूएसबी’मध्ये दिसणारा त्याचा आयडी ‘यूएसबी_डिनायलिस्ट’ या ओळीत घालायचा.

साउंड चिप एका सेकंदात झोपवली तर प्रत्येक आवाजाआधी स्पीकर ‘टक्’ करतो. हेडफोन नेहमी वापरणाऱ्यांनी ही बचत सोडून द्यावी, मिळकत अगदी थोडी आहे. सॅटा डिस्कसाठी ‘मेड_पॉवर_विथ_डीआयपीएम’ हीच किंमत ठेवा. ‘मिन_पॉवर’ने काही डिस्कवर डेटा खराब झाल्याची उदाहरणं आहेत. एवढ्याशा बचतीसाठी तो धोका कुणीही पत्करू नये.

स्वतंत्र ग्राफिक्स चिपची गोष्ट वेगळी, कारण ती नुसती जागी राहिली तरी ५ ते १० वॅट खाऊ शकते. ‘एलएसपीसीआय’मध्ये तिचा पत्ता मिळतो. ‘/सिस/बस/पीसीआय/डिव्हाइसेस’मध्ये त्या पत्त्याच्या फोल्डरात ‘पॉवर/रनटाइम_स्टेटस’ ही फाइल वाचा. ‘सस्पेंडेड’ दिसलं तर ठीक, ‘ॲक्टिव्ह’ दिसलं तर शोध घ्या. इथे एक सापळा आहे: एनव्हिडियाची चिप झोपली का हे ‘एनव्हिडिया-एसएमआय’ने पाहायला गेलं की ती कमांडच चिपला उठवते. म्हणून फाइलच वाचायची. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआय पोर्ट थेट या चिपला जोडलेला असतो, त्यामुळे बाहेरचा मॉनिटर लावला की ती झोपूच शकत नाही. तिथे यूएसबी-सीमधून मॉनिटर लावून पाहावा. काही मॉडेलांत तो पोर्ट अंगच्या ग्राफिक्सला जोडलेला असतो.

स्क्रीनबद्दल थोडक्यात: उजेड अर्ध्यावर आणणं आणि रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ ठेवणं यांतून मिळणारी बचत वरच्या अनेक बारीक सेटिंग्जपेक्षा मोठी असते. व्हिडिओ पाहताना पंखा फिरत असेल तर ‘व्हीएइन्फो’ चालवून हार्डवेअर डीकोडिंग उपलब्ध आहे का ते तपासा. नसेल तर प्रत्येक फ्रेम प्रोसेसर उलगडतो आहे.

बॅटरीचं आयुष्य: ८० टक्क्यांची मर्यादा

लिथियम-आयन बॅटरी सतत १०० टक्के भरलेली आणि गरम राहिली की लवकर थकते. दिवसभर चार्जरवर असणाऱ्या लॅपटॉपची हीच स्थिती असते. हार्डवेअर साथ देत असेल तर बॅटरीच्या फोल्डरात ‘चार्ज_कंट्रोल_एंड_थ्रेशोल्ड’ ही फाइल असते; त्यात ८० लिहिलं की चार्जिंग तिथे थांबतं. थिंकपॅडवर सुरुवातीचीही मर्यादा देता येते: ७५ आणि ८० अशी जोडी ठेवली तर बॅटरी ७५ च्या खाली गेल्याशिवाय पुन्हा भरत नाही. आयडियापॅडच्या अनेक मॉडेलांत टक्के निवडता येत नाहीत, फक्त ‘कॉन्झर्व्हेशन_मोड’ चालू-बंद करता येतो आणि मर्यादा कंपनीने ठरवलेली असते. केडीई प्लाझ्मात ही सेटिंग खिडकीतूनच मिळते, ग्नोममध्ये ती ४८ व्या आवृत्तीत आली. यातलं काहीच दिसत नसेल तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) पाहा.

फाइलीत थेट लिहिलेली किंमत काही मॉडेलांवर रीबूटनंतर पुसली जाते. प्रवासाआधी मर्यादा काढायला टीएलपीत ‘टीएलपी फुलचार्ज’ आहे.

झाकण बंद केल्यावर

सस्पेंडचे, म्हणजे अख्ख्या लॅपटॉपच्या झोपेचे, दोन प्रकार आहेत आणि तुमच्याकडे कोणता आहे हे ‘/सिस/पॉवर/मेम_स्लीप’ सांगते. चौकटी कंसात असलेला शब्द म्हणजे चालू निवड. ‘डीप’मध्ये जवळजवळ सगळं बंद होऊन फक्त मेमरीला वीज मिळते. ‘एस२आयडल’मध्ये मशीन चालूच असतं, पण प्रत्येक भाग आपापल्या गाढ झोपेत जाणं अपेक्षित असतं. नव्या लॅपटॉपपैकी बऱ्याच जणांत फक्त दुसरा प्रकार उरला आहे. दोन्ही दिसत असतील आणि ‘डीप’ नीट चालत असेल तर कर्नलला ‘मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप’ हे पॅरामीटर द्या. उबुंटू-डेबियनमध्ये ते ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ फाइलीत घालून ‘अपडेट-ग्रब’ चालवायचं, फेडोरात ‘ग्रबी’ने. ‘डीप’ यादीत नसेल तर जबरदस्ती करू नका. फर्मवेअरमध्ये (हार्डवेअरच्या अंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) तो प्रकारच नसतो.

एस२आयडलमध्ये एक भाग जागा राहिला तरी सगळी झोप मोडते, म्हणून तिथे मोजणं जास्त गरजेचं. रात्री टक्के टिपा आणि सकाळी पुन्हा पाहा. ५० वॅट-तासांच्या बॅटरीचे ८ तासांत १० टक्के गेले तर सरासरी ०.६ वॅट खर्च झाला, हे चालण्यासारखं आहे. ४० टक्के गेले तर प्लॅटफॉर्म गाढ झोपेत पोचलाच नाही. नव्या कर्नलवर ‘/सिस/पॉवर/सस्पेंड_स्टॅट्स’मध्ये ‘लास्ट_एचडब्ल्यू_स्लीप’ ही फाइल असते: गेल्या सस्पेंडमध्ये हार्डवेअर खरोखर किती वेळ झोपलं हे ती मायक्रोसेकंदांत सांगते. तिथे शून्य दिसलं की बायोस अपडेट, एसएसडीचं फर्मवेअर आणि नवा कर्नल याच क्रमाने तपासा. ‘एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर अपडेट’ अनेक कंपन्यांची फर्मवेअर थेट लिनक्समधून बसवतं.

बॅगेत लॅपटॉप आपोआप उठून तापतो, तेव्हा ‘/प्रॉक/एसीपीआय/वेकअप’ पाहा. उठवण्याचा हक्क कुणाकुणाला आहे त्याची ती यादी आहे. बहुधा ‘एक्सएचसी’, म्हणजे यूएसबी कंट्रोलर, दोषी निघतो: वायरलेस माउसचा रिसिव्हर लावलेलाच राहिला की हलताना तो लॅपटॉप उठवतो. ते नाव त्याच फाइलीत लिहिलं की हक्क उलटतो, चालू असेल तर बंद. रीबूटनंतर तो परत येतो, म्हणून बदल कायमचा हवा असेल तर सिस्टिमडीची (लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेची) छोटी सर्व्हिस करावी लागते.

झाकणाचं वर्तन ‘/ईटीसी/सिस्टिमडी/लॉगइन्डी.कॉन्फ’मध्ये ‘हँडललिडस्विच’ या ओळीत असतं. बाहेरचा मॉनिटर जोडलेला असताना ‘हँडललिडस्विचडॉक्ड’ लागू होतं आणि त्याची मूळ किंमत ‘इग्नोर’ आहे. मॉनिटरची केबल लावून झाकण मिटल्यावर लॅपटॉप का झोपत नाही, याचं उत्तर एवढंच. बदल करूनही काही होत नसेल तर ‘सिस्टिमडी-इनहिबिट --लिस्ट’ चालवा. केडीईचा पॉवर मॅनेजर झाकणाचा ताबा स्वतःकडे घेतो, तेव्हा या फाइलीकडे कुणी पाहतच नाही आणि सेटिंग केडीईच्या खिडकीतूनच करावी लागते.

हायबरनेट (मेमरी डिस्कवर लिहून पूर्ण बंद होणं) हवं असेल तर डिस्कवर स्वॅप (मेमरीसाठी राखीव जागा) हवं, सुरक्षित अंदाज म्हणजे रॅमएवढं. फेडोरासारख्या डिस्ट्रोत स्वॅप ‘झेडरॅम’वर, म्हणजे मेमरीतच असतं. मेमरीची वीज गेल्यावर तिथे ठेवलेलं काहीच उरत नाही, म्हणून त्यावर हायबरनेट होऊ शकत नाही. ‘/सिस/पॉवर/डिस्क’मध्ये ‘डिसेबल्ड’ दिसलं तर बहुधा सिक्युअर बूट चालू आहे आणि कर्नलने सुरक्षेसाठी हायबरनेट रोखलं आहे. या दोन्ही अडचणी नसतील तर ‘सस्पेंड-देन-हायबरनेट’ ही उत्तम सोय आहे. ‘स्लीप.कॉन्फ’मध्ये ‘हायबरनेटडिलेसेक=९०मिन’ (टाइप करताना आकडे रोमनच) ठेवलं की दीड तास साधी झोप आणि मग संपूर्ण बंद.

वायफायची डुलकी

वायफाय कार्ड बॅटरी वाचवताना राउटरला ‘मी झोपतो’ असं कळवतं. राउटर त्याच्या नावाचे पॅकेट साठवून ठेवतो आणि बीकनमधून, म्हणजे ठरावीक वेळाने दिलेल्या हाकेतून, ‘तुझं टपाल आहे’ असा इशारा देतो. बीकन सहसा दर १०२.४ मिलिसेकंदांनी निघतो. म्हणजे झोपलेल्या कार्डाकडे येणारं पॅकेट तेवढा वेळ, काही राउटरच्या सेटिंगमध्ये त्याच्या दोन-तीन पट, ताटकळतं. वेब पानं वाचताना हे कळत नाही. दूरस्थ टर्मिनल, व्हिडिओ कॉल आणि खेळ यांत लगेच कळतं.

तपासायची पद्धत: त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनवरून लॅपटॉपला पिंग करा (उत्तर यायला किती वेळ लागतो ते ही कमांड मोजते). उलट दिशेने केलं तर पॅकेट पाठवताना कार्ड जागं होतं आणि दोष लपू शकतो. वेळ २-३ मिलिसेकंदांऐवजी ५० ते २०० मध्ये हेलकावत असेल तर ‘आयडब्ल्यू डेव्ह’ने इंटरफेसचं (वायफाय कार्डाचं) नाव शोधा आणि त्याच नावावर ‘सेट पॉवर_सेव्ह ऑफ’ करून पुन्हा पिंग करा. आकडा सपाट झाला तर कारण सापडलं. नाही झाला तर दोष बहुधा सिग्नलमध्ये किंवा गर्दीच्या चॅनेलमध्ये आहे. पॉवर सेव्ह परत चालू करा.

हा बदल तात्पुरता असतो. कायमचा करायला ‘/ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी’मध्ये एक फाइल, तिच्यात ‘कनेक्शन’ विभाग आणि त्याखाली ‘वायफाय.पॉवरसेव्ह = २’. इथे २ म्हणजे बंद आणि ३ म्हणजे चालू. उबुंटूमध्ये याच फोल्डरात ३ लिहिलेली फाइल आधीच असते. तीच बदलायची, नाहीतर फाइलींच्या नावांच्या क्रमाने तिची किंमत तुमच्यावर मात करू शकते. टीएलपी चालू असेल तर तेही या खेळात आहे: ‘वायफाय_पीडब्ल्यूआर_ऑन_बॅट’ची मूळ किंमत ‘ऑन’ आहे. म्हणून चार्जरवर झकास चालणारं वायफाय प्लग काढताच अडखळतं. दोन ठिकाणी बदल करत बसण्यापेक्षा टीएलपीतली ती ओळ ‘ऑफ’ करा.

इंटेलच्या कार्डांवर ‘आयडब्ल्यूएलएमव्हीएम’ मॉड्यूलचं (ड्रायव्हरच्या तुकड्याचं) ‘पॉवर_स्कीम’ हे वेगळं पॅरामीटर आहे: १ सतत जागं, २ मध्यम, ३ जास्त झोप. २ हेच मूळ आहे. पॉवर सेव्ह बंद करूनही हेलकावे राहिले तर १ करून पाहायला हरकत नाही.

ब्लूटूथ हेडफोन लावल्यावरच वायफाय मंदावत असेल तर ती झोपेची गोष्ट नाही. दोन्ही एकाच चिपवर, बहुधा त्याच अँटेनावर आणि २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणून आळीपाळीने बोलतात. नेटवर्कला ५ गिगाहर्ट्झवर बांधा: ‘एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय’, मग कनेक्शनचं नाव, मग ‘वायफाय.बँड ए’. इथे ‘ए’ म्हणजे ५ आणि ‘बीजी’ म्हणजे २.४.

झोपेतून उठल्यावर नेटवर्क नाही

थेट रीबूट करू नका, त्याने पुरावा जातो. आधी ‘आरएफकिल लिस्ट’. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ पुरतं. ‘हार्ड ब्लॉक्ड’ असेल तर कीबोर्डवरचं बटण, बाजूची कळ किंवा बायोस पाहावं लागतं. मग ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’. तिथे कार्डाचं नावच नसेल तर ड्रायव्हर कोसळला आहे आणि ‘जर्नलसीटीएल -के -बी’मध्ये त्याचं रडगाणं सापडेल. ‘मॉडप्रोब -आर’ने मॉड्यूल काढून पुन्हा घाला. त्याने जमत असेल आणि रोजचाच प्रकार असेल तर ‘सिस्टिम-स्लीप’ फोल्डरात छोटी स्क्रिप्ट ठेवता येते: सिस्टिमडी तिला झोपण्याआधी ‘प्री’ आणि उठल्यावर ‘पोस्ट’ हा शब्द देऊन बोलावतं.

यादीत नाव आहे, पण पुढे ‘अनमॅनेज्ड’ लिहिलं आहे? मग पुन्हा दोन कारभाऱ्यांचा मामला. एकाच इंटरफेसवर नेटवर्कमॅनेजर आणि सिस्टिमडी-नेटवर्कडी (दोन्ही नेटवर्क सांभाळणारे), किंवा डब्ल्यूपीए_सप्लिकंट आणि आयडब्ल्यूडी (दोन्ही वायफाय जोडणारे) ही जोडी एकत्र चालत नाही. उबुंटूमध्ये ‘नेटप्लॅन’च्या फाइलीत ‘रेंडरर’ कोण आहे ते पाहा. सर्व्हरची प्रतिमा लॅपटॉपवर बसवली की तो ‘नेटवर्कडी’ असतो.

नव्या लॅपटॉपवर कार्ड पहिल्या दिवसापासूनच दिसत नसेल तर कारण बहुधा फर्मवेअर. कर्नल लॉगमध्ये फर्मवेअर लोड न झाल्याची ओळ फाइलीच्या नावासकट असते. डेबियनने २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून हे फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच द्यायला सुरुवात केली, त्यामुळे ही अडचण आता कमी झाली आहे. फर्मवेअर नसेल तोवर यूएसबी केबलने फोनचं टेदरिंग (फोनचं इंटरनेट वापरणं) करून पॅकेज उतरवता येतं, त्याला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

जोडलेलं आहे, पण इंटरनेट नाही

पायरीपायरीने खाली उतरा. ‘आयपी ॲड्रेस’मध्ये पत्ता मिळाला का? ‘आयपी रूट’मध्ये ‘डिफॉल्ट’ ओळ आहे का? त्या ओळीतल्या राउटरला पिंग जातो का? मग १.१.१.१ ला, म्हणजे इंटरनेटवरच्या एका पत्त्याला? आणि शेवटी एखाद्या नावाला? आकड्याला पिंग जातो आणि नावाला जात नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ कोणत्या इंटरफेसवर कोणता डीएनएस आहे ते सांगतं. ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ फाइलीत १२७.०.०.५३ पाहून दचकू नका, तो सिस्टिमडी-रिझॉल्व्हडीचा आपल्याच मशीनवरचा पत्ता आहे. ती फाइल हाताने बदलू नका, पुढच्या जोडणीला ती पुन्हा लिहिली जाते. स्वतःचा डीएनएस द्यायचा तर कनेक्शनमध्येच ‘आयपीव्ही४.डीएनएस’ द्या आणि ‘आयपीव्ही४.इग्नोर-ऑटो-डीएनएस येस’ करा.

डॉकची इथरनेट केबल लावल्यावर इंटरनेट जातं, तेव्हा ‘आयपी रूट’मधला ‘मेट्रिक’ पाहा. नेटवर्कमॅनेजर इथरनेटला १०० आणि वायफायला ६०० देतो. लहान आकडा जिंकतो. केबलच्या पलीकडे इंटरनेट नसलं तरी रस्ता तिकडूनच काढला जाऊ शकतो. केबलच्या कनेक्शनवर ‘आयपीव्ही४.नेव्हर-डिफॉल्ट येस’ केलं की ती केबल फक्त स्थानिक यंत्रांसाठी राहते.

फोनच्या हॉटस्पॉटवर डेटा संपत असेल तर कनेक्शनवर ‘कनेक्शन.मीटर्ड येस’ ठेवा. अँड्रॉइडचा हॉटस्पॉट नेटवर्कमॅनेजर बहुधा स्वतःच ओळखतो, इतर फोनच्या बाबतीत सांगावं लागतं. ग्नोम सॉफ्टवेअर अशा जोडणीवर अपडेट आपोआप उतरवत नाही. टर्मिनलमधून स्वतः चालवलेली कमांड किंवा ब्राउझर मात्र याला जुमानत नाहीत.

वायफायचा पासवर्ड वापरकर्त्याच्या कीरिंगमध्ये (पासवर्डच्या तिजोरीत) साठवलेला असेल तर लॉगइन होईपर्यंत नेटवर्क लागत नाही. दुरून एसएसएच करणाऱ्यांनी (दुसऱ्या मशीनवरून टर्मिनल वापरणाऱ्यांनी) कनेक्शनच्या खिडकीत ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ हा पर्याय निवडावा. मग पासवर्ड ‘सिस्टिम-कनेक्शन्स’ फोल्डरातल्या फाइलीत जातो. ती फाइल हाताने बनवली किंवा बॅकअपमधून परत आणली तर मालक रूट (प्रशासक) आणि परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) हवी. सैल परवानगीची फाइल नेटवर्कमॅनेजर वाचतच नाही, आणि कनेक्शन यादीत का दिसत नाही याचा खुलासा फक्त ‘जर्नलसीटीएल -यू नेटवर्कमॅनेजर’मध्ये मिळतो.